गाडीला पडवी

पिकअपच्या हौद्यात उचलून ठेवायची राहती पेटी, म्हणजे ट्रक कॅम्पर, आपल्याकडे अजून मोजक्याच लोकांकडे आहे. आमची पेटी आम्ही पिंपरी-चिंचवडच्या रावेतमध्ये बांधून घेतली. आत दोघांचा बिछाना, दिवसा बाक होणारी आणखी एक फळी, पाण्याची टाकी आणि मागच्या बाजूला दार. पेटी झाल्यावर कळलं की अडचण आत नाही, दाराबाहेर आहे. दार जमिनीपासून पावणेतीन फूट उंच. पावसात उतरायचं तर छत्री उघडायला जागा नाही, चिखलाचे बूट काढायला जागा नाही, आणि सासूबाईंचे गुडघे प्लॅस्टिकचं स्टूल बघूनच नकार द्यायचे. परदेशी बनावटीच्या घडीच्या पडव्या विकत मिळतात, पण त्यांची किंमत आणि वरचा आणणावळीचा खर्च ऐकून आम्ही विषय सोडला आणि घरची बांधायची ठरवली. मी चाकणच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात काम करते, त्यामुळे कागदावरचं काम माझं. बाकीचं भोसरीच्या मिस्त्रींनी, भंगारवाल्यांनी आणि मावळातल्या पावसानं शिकवलं. पिकअपच्या दोन नव्या टायरांना जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात पडवी उभी राहिली. कमी पैशांत करू पाहणाऱ्यांसाठी त्यातलं कामाचं तेवढं लिहिते.

१. आधी दिंडीचा ट्रक बघून या.

परदेशी गाड्यांची चित्रं नंतर बघा. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. रावेतहून ते अंतर फार नाही. पालखीबरोबर दिंड्यांचे ट्रक असतात. ट्रक मुक्कामाला लागला की ताडपत्रीची एक कड वरच्या गजाला अडकते, दुसरी दोन बांबूंवर चढते आणि तिच्याखाली चूल, भांडी, बिछाने, म्हातारी माणसं असा सगळा संसार मांडला जातो. मागच्या फाळक्याला लोखंडी शिडी टेकवलेली असते. गाडीला कायमचं जोडलेलं त्यात काहीच नसतं. एका ट्रकच्या चालकाला मी विचारलं, "माउली, हे सगळं उतरवायला किती वेळ लागतो?" ते म्हणाले, "ताई, पलीकडं चहा उकळेस्तोवर."

माझं सगळं ड्रॉइंग या एका उत्तरावर बेतलेलं आहे. पडवी मुक्कामाची असते, गाडीची नसते. धावत्या गाडीला जे लोंबकळत राहील ते खर्चिक होतं, जड होतं, खडखडतं आणि शेवटी कायद्यातही अडकतं.

२. फाळका हाच ओटा.

पिकअपचा मागचा फाळका खाली पाडला की तो साखळ्यांवर आडवा राहतो. कंपनीने दिलेला हा ओटा फुकटात मिळतो, तर दुसरा कशाला बांधायचा? अट एवढीच की पेटी हौद्याच्या आत मावणारी हवी आणि पेटी व बंद फाळका यांच्यात दोन इंचांची फट सुटायला हवी. पेटी बांधायच्या आधीच ही फट मोजून ठेवा. फाळका रुंदीला पुरेसा असतो, खोलीला मात्र जेमतेम दीड फूट. तेवढ्यावर माणूस उभा राहतो, वाकून बूट काढू शकत नाही. म्हणून त्याच्या कडेला बिजागरीवर तेवढ्याच मापाची दुसरी फळी घेतली. उघडली की तीन फूट खोल ओटा तयार, मिटली की फळी फाळक्यावर पालथी पडते आणि फाळका लावताना त्या दोन इंचांच्या फटीत जाते. फळी १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची आहे, कडांना अॅल्युमिनियमची पट्टी. सांध्याखाली आडवा चॅनेल हवाच, नाहीतर बिजागरी महिन्याभरात वाकेल.

दाराचाही विचार इथेच करायचा. बाहेर उघडणारं दार ओट्यावरच्या माणसाला मागे ढकलतं. ते पूर्ण वळून पेटीच्या भिंतीला टेकलं पाहिजे आणि तिथे त्याला कडी हवी.

३. चालत्या गाडीच्या बाहेर काहीही येऊ देऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. मागे, बाजूला किंवा वर मर्यादेबाहेर काही आलेलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात वीस हजारांचा दंड लिहिलेला आहे. कारखान्यातून कॅरॅव्हॅन म्हणून मंजूर होणाऱ्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे; आपल्या हौद्यातल्या पेटीला ते लागू होतं असं समजून कोणी बसू नये. मागच्या बाजूला बॉक्स आणि पायऱ्या कायमच्या वेल्ड करून फिरणाऱ्या गाड्या हायवेवर दिसतात, हे मला माहीत आहे. त्यांचं त्यांना. आपली पडवी निघताना पूर्ण आत गेली पाहिजे, आणि नंबरप्लेट व मागचे दिवे उघडे राहिले पाहिजेत. पेटीबाबत काहीही ठरवण्याआधी आरटीओत जाऊन विचारा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या. पेटीत माणसं बसवून गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

४. गाडी पाट्यांवर आहे, जमीन नाही.

सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. फाळक्याच्या साखळ्या माल चढवण्या-उतरवण्यासाठी असतात, दोन माणसांनी रोज त्यावर उभं राहून भांडी घासण्यासाठी नव्हे. त्यामुळे ओट्याच्या बाहेरच्या कडेला पाय देणं भाग आहे. आता गंमत बघा. माणसं आत चढली, टाकी भरली, की मागचे पाटे दबतात आणि हौदा बोटभर खाली येतो. पाय जर जमिनीवर घट्ट रोवलेले असतील तर खाली येणारा हौदा त्यांच्यावरच बसतो. म्हणजे ओट्याचा भार पेलायला लावलेले पाय गाडीचा भार पेलू लागतात. बारीक पाइप असेल तर तो वाकतो. जाड असेल तर फाळक्याची बिजागरी उपटते, आणि ती दुरुस्ती जास्त महाग.

उपाय स्वस्त आहे. पायाच्या तळाला बांधकामाच्या परांचीला असतो तसा फिरवायचा स्क्रू घ्या आणि वरचं टोक बोल्टने न आवळता नुसतं खोबणीत बसवा. गाडी थांबली की चाकांखाली लाकडी ठोकळे लावायचे, हँडब्रेक ओढायचा, माणसांना आत बसवायचं आणि मग स्क्रू वळवून पाय टेकेल एवढाच वर आणायचा. माणसं उतरली की हौदा वर येतो, पाय थोडा सैल होतो आणि भार साखळ्या घेतात. माणसं चढली की पाय घेतो. दोघांचं काम वाटलेलं राहतं.

पायाखालची पाटी मोठी असू द्या. पवना नदीच्या काठच्या पावसाळी मातीत दोन इंची पाटी तासाभरात रुतते. सहा इंची लाकडी ठोकळा रुतत नाही, आणि रुतला तरी सरळ रुततो.

५. पायऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या मापाने करा.

ओटा ३३ इंचांवर होता. तीन टप्प्यांत चढायचं तर प्रत्येक पाऊल अकरा इंचांचं होतं. तरण्या माणसाला चालतं. सासूबाईंसाठी पाच टप्पे केले, म्हणजे चार पायऱ्या आणि पाचवा ओटा. प्रत्येक टप्पा साडेसहा इंचांच्या थोडा वर. पाऊल ठेवायला दहा इंच. त्यामुळे शिडी लांब झाली, म्हणून ती मधे दुमडणारी केली. एका बाजूला कठडा दिला, बसून उठताना हात जातो त्या उंचीवर. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, कठड्यानं वजन वाढतंय." म्हटलं, वाढू दे. पडवीत कशावर पैसे वाचवायचे नाहीत असं विचाराल तर पायरी आणि कठडा.

पायरीसाठी नक्षीची चेकर प्लेट घ्यायचा मोह होतो, दिसते झकास. पण चिखल नक्षीत भरला की ती साबणासारखी निसरडी होते. कारखान्यांच्या जिन्यांना आणि गटारांवर असते ती जाळी, ग्रेटिंग, तिचे कापलेले तुकडे आपल्या पट्ट्यात भंगारात सहज मिळतात. चिखल खाली पडतो, पाय धरून राहतो.

६. माल कुठे शोधायचा.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला याचं उत्तर वर्षानुवर्षं एका शब्दात ठाऊक होतं: कुदळवाडी. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो शेडं आणि गोदामं पाडली आणि तिथला भंगाराचा बाजार विखुरला. ते योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे, इथे नको. आता चाकण, तळेगाव आणि भोसरीच्या कडेकडेने विचारत हिंडावं लागतं. पण माल आहे, कारण कारखाने आहेत.

यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं पाइनचं लाकूड हलकं आणि स्वस्त असतं. घेताना लाकडावरचा शिक्का बघा. गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि शेजारी रोमन लिपीत दोन अक्षरं असतात. एच-टी असेल तर लाकूड उष्णतेने शुद्ध केलेलं. एम-बी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला, ते सोडून द्या. झोपायच्या आणि जेवायच्या जागेजवळ नको.

सांगाड्याला लोखंड की अॅल्युमिनियम? एक इंची चौकोनी पाइप, सोळा गेजचा, लोखंडी घेतला तर मीटरला एक किलोच्या वर भरतो. अॅल्युमिनियमचा तेवढाच पाइप चारशे ग्रॅमच्या आसपास. किमतीतला फरक नव्या मालात बोचतो, पण खिडक्यांचं काम करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे किलोवर मिळतात आणि पडवीला लांब पाइप लागतच नाहीत. मी ओट्याखालचा आडवा चॅनेल आणि पाय लोखंडाचे ठेवले, वर सगळं अॅल्युमिनियम. बिजागऱ्या, पिना, कड्या पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत घ्या. छत उचलून धरायला जुन्या गाडीच्या डिकीचे शॉकअप लागले तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. विकत घेण्याआधी दाबून बघा. तेल गळलेला शॉकअप तुम्हाला पाच रुपयांत दिला तरी महाग.

७. छताला वारा आणि पाणी दोन्ही मोजून द्या.

पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तासाभराच्या रस्त्यावरच्या लोणावळ्यात तो चार हजारांच्या आसपास जातो. रावेतच्या गच्चीवर तपासलेलं छत तिथे टिकेल असं धरून चालू नका. ताडपत्रीवर पाणी साचायला जागा मिळाली की संपलं. एक चौरस मीटर भागात पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते पन्नास किलो होतं. म्हणून उतार भरपूर द्यायचा, चार फुटांना एक फूट, आणि मधे आडवी दोरी ताणायची, म्हणजे झोळ पडत नाही. पाणी दारासमोर न पडता एका कोपऱ्यातून जावं म्हणून एक खांब चार बोटं खाली ठेवा.

वाऱ्याचा हिशोबही करून ठेवावा. ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्यात समोरून अडवणाऱ्या कापडावर चौरस मीटरला साधारण बारा किलोचा दाब येतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तिन्ही बाजूंचे पडदे पाडून बसलात तर ते शीड आहे, पडवी नाही. वारा ज्या बाजूने येतो तेवढाच पडदा पाडायचा, समोरची बाजू उघडी ठेवायची. पेटीकडची कड मी कापडी बंदांनी बांधते, खिळ्यांनी किंवा स्क्रूने कधीच नाही. झोत फार जोराचा आला तर बंद सुटावा, पेटीचा पत्रा फाटू नये.

कापड कोणतं? सुती ताडपत्री सावलीला उत्तम, पण ओली घडी करून ठेवली की कुजते आणि ओली असताना एकट्याला उचलत नाही. निळी-पिवळी पातळ प्लॅस्टिकची एका मोसमाची सोबती. ट्रकवाले वापरतात ती पीव्हीसीची जाड सगळ्यात टिकाऊ, आणि छताला तेवढीच लागते. बाजूच्या पडद्यांना मात्र आपल्या शहरात अमाप आणि जवळजवळ फुकट असा एक माल आहे, तो म्हणजे वाढदिवसाचे उतरवलेले फ्लेक्स. छापाची बाजू बाहेर ठेवलीत तर गाव गोळा होतं, आत ठेवलीत तर जेवताना भावी नगरसेवक हात जोडून समोर उभे. आम्ही दोन फ्लेक्स छापाला छाप लावून शिवून घेतले. ऊन खाल्लं की घडीवर चिरतात, तेव्हा नवा वाढदिवस आलेलाच असतो.

८. आर्गनला पैसे घालण्याआधी रिव्हेटचा विचार करा.

अॅल्युमिनियमचं वेल्डिंग, आपल्याकडे त्याला नुसतं 'आर्गन' म्हणतात, साध्या वेल्डिंगपेक्षा महाग. पातळ पाइपला ते करणारा चांगला हात सगळीकडे नसतो, आणि सांध्याजवळचं अॅल्युमिनियम उष्णतेने मऊ पडतं. पडवीच्या छताला कोपऱ्यात पट्टी टाकून रिव्हेट पुरतात, आणि मोडलं तर गावातल्या खिडकीवाल्याकडेही दुरुस्त होतं. लोखंड आणि अॅल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे मधे रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला. ओल्या हवेत दोन धातू चिकटून राहिले की त्यातलं अॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी धरतं. लोखंडाला रेडऑक्साइडचे दोन हात, कापलेल्या टोकांच्या आतूनसुद्धा.

९. चूल पडवीत ठेवाल तर दुसरी वाट ठेवा.

पडवी झाली की पाच किलोचा सिलिंडर आणि शेगडी तिथे येतेच, आणि यावीच. आतल्या फोडणीचा वास उशीत आठवडाभर राहतो. पण पडदे पाडून बंद केलेल्या पडवीत शेगडी पेटवायची नाही. कोळशाची सिगडी तर विझत आलेली असतानाही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. शेगडीमागे लावायला दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात त्या एसीपी पत्र्यांचे तुकडे हलके आणि स्वस्त म्हणून मोहात पाडतात. त्यांच्या स्वस्त प्रकारात दोन पातळ पत्र्यांच्या मधे जळणारं प्लॅस्टिक असतं. लंडनच्या ग्रेनफेल इमारतीच्या आगीत २०१७ मध्ये ७२ माणसं गेली, त्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर याच जातीचं आच्छादन होतं. शेगडीच्या मागे साधा जस्ती पत्रा लावा.

आणि मुख्य गोष्ट. दारासमोर चूल, ओटा, पडदे आले म्हणजे आग लागली तर ती नेमकी दारातच लागणार. पेटीला दुसरी वाट नसेल तर पडवी बांधूच नका. आमच्या पेटीला पुढच्या बाजूला माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी आहे. मुलांना तिची कडी अंधारात काढायला शिकवलेली आहे.

१०. एकट्या माणसाला, अंधारात, पावसात.

प्रत्येक भाग या कसोटीवर तोलायचा. एका हाताने उचलता येत नाही तो भाग दोन करा. अवजार लागतं तो सांधा बदलून पिनेचा करा. पिना दोरीने जागेवरच बांधलेल्या हव्यात, नाहीतर गवतात जातात. डावा-उजवा ओळखायला रंग लावू नका, रात्री दिसत नाही. एका बाजूच्या पिनेला गाठ, दुसरीला कडी, बोटांना कळतं. ओली ताडपत्री आत यायला नको म्हणून तिच्यासाठी तळाला भोकं पाडलेली पिशवी शिवली आणि पेटीच्या बाहेर, फाळक्याच्या फटीत ठेवली.

११. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडवी उघडून बघायची असेल तर रविवारी दुपारी उघडा. लोक झोपलेले असतात. इतर वेळी सूचना फार येतात.

१२. मे महिन्यात शिवून घ्या.

ताडपत्री शिवणाऱ्या दुकानांत जूनच्या पहिल्या पावसानंतर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा शेतकरी, टेम्पोवाले, पत्र्याच्या घरांतली माणसं रांगेत असतात आणि त्यांची गरज आपल्या हौसेपेक्षा मोठी असते. सांगाडा उन्हाळ्यात उभा करा, माप कागदावरून नव्हे तर उभ्या सांगाड्यावरून घ्या, कडांना दुहेरी शिवण आणि दर फुटाला पितळी डोळा सांगा. बाकी सगळं नंतर बदलता येतं, पण कापड आखूड शिवलं गेलं तर ते वाढवता येत नाही.